सांधेदुखीचा वाढता भार

सांधेदुखी माणसाला सहसा मारीत नाही. त्याचे चालणे मात्र हिरावून घेते. म्हणूनच मृत्यूच्या नोंदींवरून तिचा भार कळत नाही. जागतिक रोगभार अभ्यासानुसार भारतात सांध्यांच्या झिजेचे रुग्ण १९९० मध्ये सुमारे २.३ कोटी होते. २०१९ मध्ये ते ६.२ कोटींवर गेले. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले नागरिक सुमारे १०.४ कोटी होते. २०५० मध्ये ते ३४ कोटींच्या घरात जातील, असा अंदाज आहे. प्रत्येक वयोगटातील रुग्णांचे प्रमाण तेच राहिले, तरी केवळ वृद्धांच्या संख्येमुळे हा भार वाढणार आहे.

वजनावर नियंत्रण आणि मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम यांनी गुडघ्यांचा त्रास कमी होतो, हे शाळांनी शिकवावे. पंचायतींनी वृद्धांची नोंद ठेवावी. शौचालयांत उंच बैठक व आधाराचा दांडा बसवावा. शस्त्रक्रियेची पाळी येण्यापूर्वीच ही तयारी व्हावयास हवी.