प्रेमकथेचा वाचक आणि पलीकडचे वाङ्मय

प्रेमकथा वाचणाऱ्या माणसाकडे विद्वानांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी नेहमीच थोड्या संशयाने पाहिले आहे. विद्वानांच्या मते ही रुची पोरकट. वडीलधाऱ्यांच्या मते ती घातक, आणि वाचणारी मुलगी असली तर अधिकच घातक. दोघांचाही उपदेश एकच असतो : हे सोडा आणि काही चांगले वाचा. परंतु आपली आवड टाकून दिल्याने वाचक निराळ्या वाङ्मयाकडे वळतो, की त्याच आवडीचे बोट धरून तो तिकडे पोचतो? या प्रश्नाचे एक उत्तर सुरत शहराच्या वाङ्मयीन इतिहासात सापडते.

सतराव्या-अठराव्या शतकांत गुजरातच्या रसिकांना कथेची गोडी लागली ती पद्यातून. वडोद्याचा प्रेमानंद सुरतेस येई, तसाच खानदेशात नंदुरबार व बऱ्हाणपूरपर्यंत जाई, आणि तांब्याच्या माणावर ताल धरून रात्र रात्र आख्याने गाई. उषा आणि अनिरुद्ध यांच्या प्रेमाचे त्याचे 'ओखाहरण' घरोघरी चैत्रात म्हटले जाऊ लागले. त्याच्यामागून आलेल्या शामळ भटाने चतुर नायिका, कोडी आणि अद्भुत प्रसंग यांनी भरलेल्या पद्यकथा रचल्या. प्रेम, विरह, संकट आणि अखेर मीलन ही वाट श्रोत्याला पाठ होती, आणि ती पाठ होती म्हणूनच प्रिय होती. गद्यात लिहिलेली दीर्घ कथा ही वस्तू मात्र त्याला सर्वस्वी परकी होती.

अशा वाचकांपुढे 1866 साली एक गद्य कादंबरी आली. तिचे लेखक नंदशंकर तुळजाशंकर मेहता हे सुरतेचेच. 1835 साली जन्मलेले नंदशंकर तेथील इंग्रजी शाळेचे हेडमास्तर झाले होते. शिक्षणखात्यातील रसेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना इंग्रजी कादंबरीच्या धर्तीवर गुजरातीत कथा लिहिण्यास सुचविले. लोकांना सवय पद्यकथांची आहे, याची नंदशंकरांना पुरती जाणीव होती. त्यांनी वाचकाला त्याच्या आवडीबद्दल दोष दिला नाही. त्यांनी त्याच्या आवडीचीच सामग्री घेतली : एक शूर राजा, एक लावण्यवती स्त्री आणि अनावर अभिलाषा. ही कादंबरी म्हणजे 'करण घेलो', अर्थात वेडा करण. गुजरातीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून ती मानली जाते.

पण ही परिचित सामग्री वाचकाला नेते ती अपरिचित ठिकाणी. गुजरातचा अखेरचा राजपूत राजा करण वाघेला आपल्या प्रधानाची, माधवाची, पत्नी रूपसुंदरी हिला पळवून आणतो. प्रेमाख्यानात हरण हा नायकाचा पराक्रम ठरतो आणि कथा विवाहाकडे वळते. येथे मात्र त्या हरणात माधवाचा भाऊ केशव मारला जातो, केशवाची पत्नी सती जाता जाता राजाला शाप देते, आणि अपमानित प्रधान दिल्लीस जाऊन अल्लाउद्दीन खिलजीची फौज गुजरातेवर आणतो. राज्य बुडते, राणी शत्रूच्या हाती पडते, राजा रानोमाळ होतो. जी अभिलाषा वाचक आजवर कौतुकाने ऐकत आला, तिची किंमत कोणकोणाला मोजावी लागते हे त्याला प्रथमच दिसते. प्रेमकथा ऐकावयास बसलेला वाचक राज्यकारभार, विश्वासघात आणि इतिहास यांच्या पुढ्यात येऊन उभा राहतो. आणि त्याला तेथे कोणी ओढून आणलेले नसते. पुढच्याच वर्षी सुरतेच्याच नवलराम पंड्या यांनी या कादंबरीचे परीक्षण लिहिले. गुजरातीतील नव्या टीकालेखनाचा आरंभ या परीक्षणापासून धरण्यात येतो. म्हणजे एका प्रेमाच्या कथेतून कादंबरीच नव्हे, तर कादंबरीचा विचार करण्याची रीतही निपजली.

या कथेचा उत्तरार्ध महाराष्ट्राच्या दाराशी येतो. करणाची कन्या देवळदेवी आणि देवगिरीच्या रामदेव यादवाचा पुत्र शंकरदेव यांचा विवाह ठरतो; परंतु देवगिरीच्या वाटेवर ती दिल्लीच्या सैन्याच्या हाती लागते आणि पुढे अल्लाउद्दीनाचा पुत्र खिज्रखान याच्या अंतःपुरात जाते. याच देवळदेवीवर अमीर खुस्रोने चौदाव्या शतकात फारसीत एक प्रेमकाव्य रचले. त्यात नायक देवगिरीचा राजपुत्र नाही. नायक आहे खिज्रखान. एका कथेत जो हरण करणारा, तोच दुसरीत प्रियकर! इतिहासकारांपैकी काहींनी तर या सगळ्या प्रकरणाच्या खरेपणाविषयीच शंका घेतली आहे. जो केवळ फारसी काव्य वाचील त्याची देवळदेवी एक, जो केवळ गुजराती कादंबरी वाचील त्याची दुसरी, आणि जो केवळ इतिहास वाचील त्याच्या हाती कदाचित एक नावच उरेल. तिन्ही वाचणाऱ्याला मात्र एक प्रश्न पडतो, जो यांपैकी एकच पुस्तक वाचणाऱ्याला बहुधा पडत नाही : त्या मुलीला स्वतःला काय वाटले असेल? आवडत्या प्रकाराबाहेर वाचण्याचा खरा लाभ हा आहे. माहिती वाढते ही गोष्ट दुय्यम. ज्याच्या बाजूने कथा सांगितली गेली नाही त्याची आठवण होऊ लागते, ही मुख्य.

मराठीतही हाच क्रम दिसतो. हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' 1861 साली आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 साली निघाली. सुंदर नायिका, दुष्ट कारस्थाने, ताटातूट आणि सुखान्त यांनी या कादंबऱ्यांनी मराठी माणसाला गद्य कथा वाचण्याची सवय लावली. पुढे हरि नारायण आपटे यांनी 1890 पासून 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः लिहिली. पत्राचे नावच करमणूक! परंतु मनोरंजनासाठी अंक उघडणाऱ्या वाचकाला त्यात यमू भेटली, तिचा संसार भेटला आणि पुढे तिचे वैधव्य भेटले. ज्यांनी विधवांच्या स्थितीवरील निबंध कधी हाती धरला नसता, त्यांच्या घरात तो विषय कथेच्या वाटेने शिरला. आधीच्या कादंबऱ्यांनी वाचक घडविला नसता, तर हरिभाऊंना तो आयता कोठून मिळाला असता?

अर्थात प्रेमकथांपाशीच जन्मभर थांबण्यात तोटा आहेच. एकच ठरीव वाट पुनःपुन्हा तुडविली म्हणजे शेवट आधीच कळतो आणि मन विचार करीनासे होते. परंतु हा दोष प्रेमकथेच्याच वाट्याचा नव्हे. केवळ चरित्रे वाचणारा, केवळ अध्यात्म वाचणारा, केवळ राजकारण वाचणारा, यांचेही असेच होते. फरक एवढाच की त्यांना कोणी हसत नाही. ज्या गृहस्थाने तीस वर्षांत एकही कादंबरी वाचली नाही, त्याने आपल्या सुनेच्या हातातील कादंबरीला नावे ठेवावी, हे न्यायाचे नाही. कुंपण दोघांच्याही भोवती आहे.

हे कुंपण ओलांडण्यास उपदेशापेक्षा पुस्तक हाताशी असणे अधिक उपयोगी पडते. सुरतेत अँड्र्यूज ग्रंथालय 1850 सालीच उघडले होते. शेजारचा नवसारी प्रांत बडोदे संस्थानात होता. तेथे सयाजीराव महाराजांनी 1910 साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावच्या वाचनालयांची आणि फिरत्या ग्रंथपेट्यांची योजना उभी केली. पेटी गावात आली म्हणजे कथेचे पुस्तक शोधणाऱ्याचा हात शेजारच्या प्रवासवर्णनावरही पडू शकतो. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे सांगितले आहे. वाचकाच्या पुस्तकाला हसणारा ग्रंथपाल यांतील पहिल्या सूत्राचा भंग करतो. त्या पुस्तकाशेजारी दुसरे काहीच न ठेवणारा नंतरच्या सूत्राचा.

आजच्या सुरतेत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. खानदेशातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून कापडधंद्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. महानगरपालिकेच्या शाळांतून मराठीतूनही शिक्षण मिळते. या घरांतील मुले बाजारात गुजराती बोलतात, दुकानांवरील पाट्या सहज वाचतात. गुजराती लिपी म्हणजे पुष्कळशी शिरोरेषा उतरविलेली देवनागरीच. घरात मराठी प्रेमकथा आवडीने वाचणाऱ्या एखाद्या मुलीला 'करण घेलो' हाती धरण्यास फारशी अडचण पडू नये. तिच्या हातातील पुस्तक काढून घेण्याचे कारण नाही. ते वाचून झाल्यावर देवगिरीच्या वाटेवर अडविल्या गेलेल्या एका राजकन्येची गोष्ट याच गावच्या एका शिक्षकाने लिहिली आहे, एवढेच तिला कोणीतरी सांगावे. त्यापुढची वाट तिची ती शोधील.