आपले रक्त आपल्यालाच



मोठे ऑपरेशन ठरले की नातेवाइकांच्या मागे पहिली धावपळ लागते ती रक्ताची. रक्तपेढीच्या खेपा होतात, रक्तदात्यांसाठी फोनाफोनी होते. इकडे थिएटरमध्ये मात्र रुग्णाच्या अंगातून वाहिलेले रक्त सक्शनच्या बाटलीत साठते आणि फेकले जाते. रक्तस्राव मोठा होणार हे जिथे आधीच ठाऊक असते, तिथे हे रक्त रुग्णालाच परत देता येईल का, याचा विचार ऑपरेशन ठरतानाच व्हायला हवा, असे माझे प्रतिपादन आहे.

कल्पना जुनी आहे. गर्भनलिकेत गर्भ राहून ती फुटली की पोटात रक्त साठते. जर्मनीतील योहान थीस यांनी १९१४ साली असे रक्त त्या स्त्रियांनाच परत दिल्याची नोंद आहे. पुढे रक्तपेढ्या आल्या आणि ही वाट मागे पडली. १९७०च्या दशकात यंत्रांमुळे ती पुन्हा खुली झाली. यंत्राची सक्शन-नळी दुपदरी असते: एका पोकळीतून हेपॅरिन मिसळलेले सलाइन टोकापर्यंत ठिबकते, दुसरीतून रक्त ओढले जाते, म्हणून ते वाटेत गोठत नाही. गाळणीत गुठळ्या आणि हाडाचे कण अडकतात. मग वेगाने फिरणाऱ्या भांड्यात जड तांबड्या पेशी कडेला बसतात, हलका रक्तद्रव बाहेर पडतो. उरलेल्या पेशी सलाइनने धुऊन पिशवीत भरतात आणि काही तासांच्या आत त्याच रुग्णाला चढवतात.

याचा उपयोग किती? २०१० साली ७५ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यानुसार दात्याचे रक्त लागण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी घटले. हाडांच्या शस्त्रक्रियांत ही घट ५४ टक्के होती, हृदयाच्या शस्त्रक्रियांत २३. ज्यांना दाताच मिळत नाही, त्यांच्यासाठी तर याचे मोल आकड्यांपलीकडचे आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली जगापुढे मांडलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. अशा रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताचा थेंबन्‌थेंब मोलाचा असतो.

आक्षेप आहेत, आणि ते रास्तही आहेत. पू किंवा आतड्यातील मैला मिसळलेले रक्त सहसा वापरू नये, हे मान्य. कर्करोगाच्या पेशी रक्ताबरोबर परत जातील ही भीती असते; तिथे पांढऱ्या पेशी अडवणारी खास गाळणी वापरतात, तरी निर्णय रुग्ण पाहूनच व्हावा. खर्चाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत सिझेरियनच्या सुमारे तीन हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. नेहमीच्या पद्धतीत ३.५ टक्के स्त्रियांना दात्याचे रक्त लागले, यंत्र वापरल्यावर २.५ टक्के, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. पण यावरून सरसकट सगळ्या सिझेरियनला यंत्र लावू नये इतकेच ठरते. वार गर्भाशयात रुतून बसल्यामुळे प्रचंड रक्तस्रावाचा धोका असलेल्या बाळंतिणीचा प्रश्न वेगळा आहे. शिवाय सुरुवातीला नळी आणि साठवणीचे भांडे एवढेच जोडावे, धुण्याचा महागडा संच पुरेसे रक्त जमल्यावरच उघडावा. याने खर्च आटोक्यात राहतो.

मग रक्तदानाची गरज संपेल का? मुळीच नाही. धुतलेल्या रक्तात प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटक जवळजवळ उरत नाहीत. रक्तस्राव फार झाला तर ते दात्याकडूनच घ्यावे लागतात. थॅलेसेमियाच्या मुलांना तर आयुष्यभर इतरांच्या रक्ताचाच आधार असतो, आणि ऑपरेशनमध्ये वाचलेली पिशवी त्यांच्या कामी येते. म्हणून रक्तदान चालूच ठेवा. घरातल्या कुणाचे मोठे ऑपरेशन ठरले, तर सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना आधीच विचारा: रक्तस्राव किती होईल, आणि त्यातले किती परत देता येईल?