एक फोटॉन टिपणारी तार

भिवंडीच्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग थांबतो, विणकराला लगेच कळतं. प्रकाशाचा एकच कण, म्हणजे फोटॉन, टिपणारा शोधकही असाच जागरूक! नायोबियम नायट्राइडची, केसाच्या हजाराव्या भागाइतकी रुंद तार उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केली, की वीज तिच्यातून विनारोध वाहते; हीच अतिवाहकता. फोटॉन आदळला की त्या जागी क्षणभर अतिवाहकता मोडते आणि विजेचा स्पंद उमटतो. हे २००१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ गोल्त्समन यांच्या गटानं दाखवलं.

आपल्या मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, याच्याच जवळचं काम झालं आहे. तिथे अतिवाहक कथिल निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेऊन, कथिल-१२४ च्या, न्यूट्रिनो हे कण बाहेर न पडता होणाऱ्या दुर्मीळ किरणोत्सारी क्षयाचा माग घेणाऱ्या शोधकावर संशोधन झालं. खूण एकच : तापमानातली किंचित वाढ.