खोलीत मोआना, बाहेर टोंगा

हेडफोन लावलेत ना? आज आपण हॉटेलच्या खोलीबद्दल बोलणार आहोत. हो, नुसत्या खोलीबद्दल. पलंग, भिंती, फरशी. पण या एका खोलीवरून आमच्या घरात दोन दिवस वाद चालला होता आणि तो अजून मिटलेला नाही. म्हणून म्हटलं, तुमच्यापुढे मांडूया.

आधी जागा सांगते. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. १ ऑक्टोबर १९७१ ला ते उघडलं, त्याच दिवशी तिथली दोन मोठी हॉटेलंही सुरू झाली. कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन. कंटेम्पररी म्हणजे ‘भविष्यकाळ’. इंग्रजी ए अक्षरासारखी उभी इमारत आणि मोनोरेल चक्क तिच्या पोटातून जाते. पॉलिनेशियन म्हणजे प्रशांत महासागरातली बेटं. उतरती छपरं, माडासारखी झाडं, मशाली. (बीटल्स फुटले तेव्हा जॉन लेननने शेवटच्या कागदांवर सही केली ती याच पॉलिनेशियनमध्ये, डिसेंबर १९७४ मध्ये. सुट्टीवर आला होता बिचारा.)

आता खरी गंमत ऐका. या दोन्ही हॉटेलांच्या खोल्या यू.एस. स्टील कंपनीने दुसरीकडे तयार केल्या होत्या. अख्खी खोली, बाथरूमसकट. मग ट्रकवर घालून आणली आणि क्रेनने उचलून जागेवर बसवली. त्यावरून एक दंतकथा पसरली, की कंटेम्पररीतली खोली जुनी झाली की कपाटाच्या खणासारखी बाहेर ओढायची आणि नवी सरकवायची. तसं कधीच झालं नाही. खोल्या जागच्या जागीच राहिल्या, बदलत गेलं ते आतलं सगळं.

२०२१ मध्ये, पन्नाशीच्या तोंडावर, दोन्हीकडच्या खोल्या पुन्हा बदलल्या. कंटेम्पररीत ‘द इन्क्रेडिबल्स’ आले आणि पॉलिनेशियनमध्ये ‘मोआना’. आमचा वाद इथूनच सुरू झाला.

माझी ताई फ्लोरिडातच असते. लग्नानंतर ती आणि भावोजी पॉलिनेशियनला राहिले होते. तेव्हाचे फोटो मी शंभरदा पाहिलेत. गडद लाकूड, कोरीव पलंग, सगळीकडे तपकिरी आणि हिरवा रंग. संध्याकाळी पडदे ओढले की खोली गुहेसारखी वाटायची, असं ताई सांगते. माझी भाची आठ वर्षांची झाली, तेव्हा ताईने ठरवलं की वाढदिवसाला तिथेच जायचं. तिथे साध्या खोलीलाही एका रात्रीचे पाचशे डॉलरच्या वर पडतात. ताईने वर्षभर बाजूला टाकून जमवले. मी आणि आई तेव्हा तिच्याकडेच होतो, म्हणून आमचीही वर्णी लागली.

दार उघडलं तर खोली उजेडाने भरलेली. समुद्राचा निळा-हिरवा रंग, भिंतीवर मोआना, गालिच्याऐवजी लाकडासारखी दिसणारी फरशी. भाची किंचाळत पलंगावर. ताई दारातच उभी. ती काही बोलली नाही, फक्त फोन काढून जुना फोटो शोधायला लागली.

आईने चपला काढल्या, अनवाणी दोन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला. “गालिचा काढला ते फार बरं केलं. त्यात कोणाकोणाची धूळ असते देव जाणे.” तिच्या दृष्टीने विषय संपला.

माझा संपला नव्हता. मी तावातावाने बोलत होते. कंटेम्पररीत इन्क्रेडिबल्स मला पटतात, कारण त्या सिनेमाचं जगच मुळी साठच्या दशकाने कल्पिलेल्या भविष्यासारखं आहे आणि ते हॉटेलही तसंच. जोडी जमते. पण पॉलिनेशियनच्या इमारतींना खऱ्या बेटांची नावं आहेत. सामोआ, फिजी, टोंगा, तुवालू, रापा नुई. आणि मोआनाचं मोटुनुई हे बेट मात्र सिनेमासाठी रचलेलं! म्हणजे बाहेर खरं नाव आणि आत काल्पनिक बेट. आधी तुम्हाला एखाद्या *ठिकाणी* गेल्यासारखं वाटायचं, आता एखाद्या *सिनेमात* गेल्यासारखं वाटतं. शिवाय सिनेमा जुना झाला की खोलीही जुनी होणार. गडद लाकूड तसं जुनं होत नाही.

भावोजी शांतपणे कॉफी करत होते. म्हणाले, “तुला काय वाटतं, १९७१ ची खोली खरी पॉलिनेशिया होती?” मी गप्प. ते म्हणाले, ती अमेरिकेतल्या तेव्हाच्या टिकी बारची फॅशन होती. छत्रीवालं कॉकटेल आणि लाकडी मुखवटे. उलट सिनेमा करताना डिस्नेने त्या बेटांवरच्या जाणकारांचा एक गट नेमला, त्यांना विचारून गोष्टी बदलल्या. संगीतात ओपेताया फोआईसारखा तिकडच्या मुळांचा माणूस घेतला. मग जास्त खोटं कोण?

खरं सांगते, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा मुद्दा अर्धा तरी पडला. जुनी खोली जास्त खरी होती असं मी आता म्हणणार नाही. ती फक्त ताईची होती.

पण उरलेला अर्धा मुद्दा अजून माझ्याकडे आहे आणि तो मला भाचीने दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोनोरेलकडे चाललो होतो. वाटेत ‘टोंगा’ची पाटी लागली. भाचीने वाचली आणि विचारलं, “मावशी, टोंगा कुठल्या पिक्चरमध्ये आहे?”

मी तिथेच थांबले. फोनवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा करत करत न्यूझीलंडच्या वर त्या ठिपक्यांपर्यंत गेले. म्हटलं, हे बघ, हे खरं आहे. इथे माणसं राहतात. २०२२ च्या जानेवारीत इथे समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला होता, केवढी राख पडली होती. तिने ज्वालामुखीचे उपग्रहातून घेतलेले फोटो पाहिले. मग सामोआ शोधलं, मग तुवालू. मोनोरेल दोनदा निघून गेली. ताई वैतागली, कारण आत जायला उशीर होत होता.

म्हणजे खोलीने जे केलं नाही, ते पाटीने केलं. मला तक्रार निळ्या रंगाची नाही, मोआनाचीही नाही, ती गोड पोरगी आहे. पण त्या भिंतीवर मोआनाच्या शेजारी एक छोटा नकाशा असता तर काय बिघडलं असतं?

रात्री सगळे आडवे झाल्यावर अंधारात भाचीचा आवाज आला. “टोंगातल्या हॉटेलात फ्लोरिडाची थीम असते का?”

ताई म्हणाली, “झोप आता.” आणि मग बराच वेळ आम्ही दोघी उशीत तोंड खुपसून हसत होतो.

तर मंडळी, तुमचं काय मत? आईच्या पार्टीत, भावोजींच्या, की माझ्या? व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आत बसवा हं, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. भेटू पुढच्या भागात.