बदामीचा कातळ : साहस आणि संयम
(युवक शिबिरांच्या संयोजकांसमोर दिलेले भाषण)



प्रस्तरारोहण म्हटले की सह्याद्रीचा काळा कातळ आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. आज मी बोलणार आहे तो शेजारच्या कर्नाटकातील बदामीच्या तांबूस वालुकाश्माविषयी. बदामी ही चालुक्यांची जुनी राजधानी. तेथील तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. ज्या जातीच्या दगडात तेव्हाच्या शिल्पींनी छिन्नी चालविली, त्याच जातीच्या आसपासच्या कड्यांवर आज पुण्या-मुंबईचे तरुणही आरोहणासाठी जातात.

येथील 'गणेश' हा मार्ग देशातील अत्यंत अवघड मार्गांत गणला जातो. फ्रेंच श्रेणीनुसार त्याची काठिण्यपातळी '८ बी अधिक' आहे. अशा मार्गावर कातळात आधीच बोल्ट ठोकलेले असतात. आरोहक वर सरकत जातो आणि एकेका बोल्टला कडी अडकवून तीत आपला दोर ओवतो. बोल्टचा आधार घेऊन वर चढावयाचे नसते. तो केवळ पडणाऱ्याला सावरण्यासाठी असतो. शेवटचा बोल्ट कमरेच्या २ मीटर खाली राहिला असता हात सुटला, तर आरोहक किमान ४ मीटर खाली येतो. ताणला जाणारा नायलॉनचा दोर आणि खाली दोर धरून उभा असलेला सोबती, या दोहोंवर त्याचे प्राण अवलंबून असतात.

दोरावर विसंबून माथा गाठला, तर या खेळात तो मार्ग सर झाला असे मानीत नाहीत. १९७५ मध्ये जर्मनीत कुर्ट अल्बर्ट यांनी एक प्रघात पाडला. दोरावर भार न टाकता जो मार्ग सलग चढता आला, त्याच्या पायथ्याशी ते तांबडा ठिपका रंगवीत. तेथे परीक्षक कोणी नसे. स्वतःशी प्रामाणिक राहणे, हाच नियम. म्हणूनच एखाद्या मार्गासाठी आरोहक दिवसेंदिवस तीच खाच, तीच पकड घोटीत राहतात.

वालुकाश्माची आणखी एक अट आहे. वाळूचे कण ज्या द्रव्याने सांधलेले असतात, ते अनेक ठिकाणी पाण्याने दुर्बळ होते. ओल्या दगडावर भार पडला की पकड तुटू शकते. त्यात आरोहकाला इजा होतेच. शिवाय तो मार्ग पुढच्या पिढीसाठी कायमचा बिघडतो. म्हणून पावसानंतर कातळ आतपर्यंत वाळेतोवर थांबावे लागते. दुरून आलेल्या तरुणाला 'आज चढावयाचे नाही' असे सांगणे, हेच मार्गदर्शकाचे सर्वांत अवघड काम होय.

शिक्षक आणि पंचायत सदस्य बंधुभगिनींनो, आपल्या गावचे युवक कड्यावर निघाले, तर त्यांना अडवू नका. मात्र दोर कोण धरणार, गाठी कोणी तपासल्या आणि पाऊस केव्हा पडला होता, एवढे अवश्य विचारा. उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या दिवशी परत फिरण्यात कमीपणा नाही. कातळ उद्याही तेथेच असणार आहे.