गाविलगडावरून पाण्याच्या वाटा

रिद्धपूरच्या एखाद्या कुटुंबाने मुलाबाळांसह एक दिवस पायी हिंडण्याचे ठरविले, तर समुद्रकाठचे राष्ट्रीय उद्यान वऱ्हाडात कोठून आणावे? तथापि उत्तरेस सातपुड्यात मेळघाट आहे. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याची गणना होते. त्यातील गुगामल राष्ट्रीय उद्यानात मन मानेल तसे भटकता येत नाही, आणि तेच योग्य होय. पायी चालावयास चिखलदऱ्याजवळचा गाविलगड बरा.

१८०३ सालच्या लढाईची हकीकत शिक्षक सांगतीलच. परंतु तटाजवळ शिदोरी सोडल्यावर मुलांना पाण्याच्या वाटाही समजावून द्याव्यात. डोंगरमाथ्याच्या उत्तरेकडील पाऊस सिपनेवाटे तापीस मिळतो. दक्षिणेकडील चंद्रभागा, शहानूर या नद्यांतून पूर्णेस. माथ्यावर दुभंगलेले हे पाणी चांगदेवच्या संगमावर पुन्हा एकत्र येते आणि सुरतेवरून अरबी समुद्रास जाते. वऱ्हाडातील मुलाचे समुद्राशी नाते आहे ते असे!

पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे विहिरीचे पाणी खारट, आणि ते पिकांना दिले तर जमीनही बिघडते. त्या पट्ट्यातील कित्येक गावांच्या नळांना येणारे गोड पाणी शहानूर धरणाचे, म्हणजे याच डोंगरांवरील पावसाचे. ग्रामपंचायतीत पाणीपट्टीवर तासन्‌तास चर्चा होते. वरच्या जंगलाचे नाव क्वचितच निघते. डोंगर उघडा पडला की माती वाहून येते आणि धरणात गाळ साचतो.

गडावरून उतरताना एखादा मुलगा विचारील, आपल्या पेढी नदीचे पाणी कोठे जाते? तेही पूर्णेलाच.