खेळाडूचा चरितार्थ



आज मी आपणांपुढे प्रथम बर्फावरच्या हॉकीविषयी बोलणार आहे, हे ऐकून वर्धा जिल्ह्यातील श्रोत्यांस हसू येईल हे मी जाणून आहे. ज्या प्रांती वैशाखात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या पेटीतील, गोणपाटात गुंडाळलेली लादी, तेथील एका निवृत्त मास्तराने या विषयास हात का घालावा? कारण इतकेच की, खेळावर पोट भरू पाहणाऱ्या मनुष्याच्या वाट्यास काय येते हे या खेळाच्या इतिहासात फार उघडपणे दिसते. आणि ते पाहिले म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातील एका थोर खेळाडूचे चरित्र निराळ्या रीतीने वाचता येते.

खेळ थोडक्यात सांगतो. दोनशे फूट लांब व पंचाऐंशी फूट रुंद असे गोठविलेले अंगण. पायांत पोलादी पात्यांचे बूट. प्रत्येक पक्षाचे सहा गडी. आणि चेंडूऐवजी रबराची सुमारे १७० ग्रॅम वजनाची घट्ट चकती. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. वेग इतका विलक्षण की, गडी मिनिटभरही सलग खेळत नाही. दम टाकण्यास बाहेर येतो व ताजा गडी आत उडी घेतो. दात पडणे, हाडे मोडणे ही तेथील नित्याची बाब. आपल्या देशात हा खेळ मुख्यतः लडाखात, गोठलेल्या तळ्यांवर रुजला. आणि तेथील बलाढ्य संघ लष्कराचे व भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे आहेत, म्हणजे खेळाडूची भाकरी नोकरीतून येते, खेळातून नव्हे. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

अमेरिका व कॅनडा या देशांत मात्र हा खेळ हाच धंदा झाला; १९१७ साली नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. धंदा म्हटला की मालक आला, करार आला. डेट्रॉइटच्या संघात टेड लिंडसे नावाचा एक खेळाडू होता. अंगाने लहानखुरा, पण असा झुंजार की लोक त्यास ‘भयंकर टेड’ म्हणत. १९५० ते १९५५ या काळात त्याच्या संघाने स्टॅन्ली चषक चार वेळा जिंकला. या गृहस्थाने १९५७ च्या आरंभी एक धाडस केले. खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाचा जो निधी होता त्याचा हिशेब मालक दाखवीत नसत. तो हिशेब मागण्यासाठी त्याने माँट्रियलच्या डग हार्वी प्रभृती खेळाडूंस हाताशी धरून संघटना उभी केली. विशेष हे की, त्याच हंगामात त्याने ८५ गुण मिळविले होते. एवढे त्याने आधी कधीच मिळविले नव्हते. तरीही त्या उन्हाळ्यात मालकांनी त्यास शिकागोच्या संघाकडे धाडून दिले, जो संघ त्या काळी तळाशी लोळत होता. एखाद्या नावाजलेल्या शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब विचारावा आणि दुसऱ्या आठवड्यात त्याची बदली आडरानातील शाळेवर व्हावी, तशातलाच हा प्रकार. संघटना मोडली. पुढे १९६७ साली ती नव्याने उभी राहिली खरी. परंतु दैवाचा खेळ पाहा, तिचा पहिला कारभारीच लबाडीच्या गुन्ह्यांबद्दल १९९८ साली तुरुंगात गेला!

आणि योगायोग असा की, याच १९९८ साली आपल्याकडेही एक प्रकरण घडले. ते सांगण्यापूर्वी आपणांस खडकीस नेले पाहिजे. आमच्या जिल्ह्यात पुलगावास दारूगोळ्याचे मोठे भांडार आहे. पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा जुना कारखाना आहे. त्या कारखान्याच्या वसाहतीत एक तमिळ कुटुंब राहत असे. वडील मैदानाची राखण करीत. घरी पाच मुलगे आणि दारिद्र्य, पण आईने कोणासही खेळू नको म्हटले नाही. मोडक्या काठ्या बांधून, टाकून दिलेले चेंडू वेचून ही मुले चिखलात हॉकी खेळत. त्यांतील एक धनराज. जन्म १६ जुलै १९६८. थोरले बंधू रमेश हे मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघाकडून खेळत. त्यांच्या आधाराने धनराज मुंबईस आले, महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या संघात गेले, आणि तेथे जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली त्यांची तयारी झाली. नंतर इंडियन एअरलाइन्सने त्यांस घेतले.

ही आपल्याकडची व्यवस्था नीट समजून घ्यावी. खेळाडूचे नाव कंपनीच्या पटावर लागते, महिन्यास पगार मिळतो, सरावास सवलत मिळते. देशासाठी खेळणे हा मान; पोट भरणे हे कंपनीच्या हातात. कोणी हिला हीन म्हणेल, मी म्हणत नाही. या व्यवस्थेने कित्येक गरीब घरांत चूल पेटती ठेवली आहे. परंतु तिच्यात देशाच्या संघाचे कारभारी आणि खेळाडू यांच्यामध्ये लेखी असे काहीच नसते, आणि वाद उपस्थित झाला की खेळाडूच्या हाती कागद नसतो.

डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात धनराज पिल्ले प्रथम भारताकडून उतरले व २००४ पर्यंत खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई खेळ, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. तीनशेहून अधिक सामने. लंडन, लिऑन, स्टुटगार्ट, मलेशिया येथील क्लबांकडूनही ते खेळले, कारण मोबदला तेथे होता. १९९८ च्या डिसेंबरात बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियास पेनल्टीच्या फटक्यांवर हरविले आणि आशियाई खेळांतील सुवर्णपदक बत्तीस वर्षांनी घरी आले. देशभर जल्लोष झाला. त्यानंतर लवकरच संघाची निवड झाली, आणि तीत कर्णधारासह सात ज्येष्ठ खेळाडूंची नावे नव्हती! ‘ज्येष्ठांस विश्रांती दिली आहे,’ असा खुलासा झाला. लोकांचा समज निराळा होता. अपुऱ्या सोयी व सामन्यांचे मानधन यांविषयी या मंडळींनी तक्रार केली होती; दौऱ्याचा दैनिक भत्ता मिळाला नाही, हे धनराज यांनी उघडपणे बोलून दाखविले होते.

लिंडसेस दुसऱ्या संघाकडे पाठविले, तेथे त्याचा पगार तरी चालू राहिला. धनराज यांस पाठवावयास दुसरा देश नव्हता. मला या दोन गोष्टींतील हा भेद फार बोचतो. धनराज परत आले, हे त्यांच्या पायांचे बळ. कारभाऱ्यांचे औदार्य नव्हे. २००० साली सिडनीत पोलंडविरुद्ध अखेरच्या क्षणी गोल होऊन भारताची उपांत्य फेरी हुकली, तेव्हा हा तापट मनुष्य मैदानावर रडला. २००२ साली कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तेच स्पर्धेचे सर्वोत्तम खेळाडू ठरले.

त्यांचा स्वभाव गरम, जिभेवर ताबा कमी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. असेल. पण नम्र खेळाडूंना भत्ता वेळेवर मिळत होता, असे कोणी दाखवून दिलेले मला आढळले नाही.

माझ्याकडे अधूनमधून पालक येतात. पोरगा दिवसभर मैदानावर असतो, मास्तर, याने पोट भरेल काय? पूर्वी मी ‘आधी अभ्यास’ म्हणून त्यांची बोळवण करीत असे. आता मी तसे करीत नाही. २०१३ पासून आपल्याकडे हॉकी इंडिया लीगमध्ये लिलावाने खेळाडू घेतले जाऊ लागले, मोठ्या रकमा बोलल्या गेल्या. पण तीच लीग २०१७ नंतर सात वर्षे बंद पडली व २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. ज्या मुलाची उमेदीची वर्षे त्या सात वर्षांत गेली, त्याने काय करावे? म्हणून मी पालकांस सांगतो की, मुलास खेळू द्या, मात्र कोणी करार पुढे केला तर चार गोष्टी विचारा. पैसे किती वर्षांचे? गुडघा मोडला तर औषधपाण्याचा खर्च कोणाचा? भत्ता न मिळाल्यास दाद कोठे मागावयाची? आणि पस्तिशीनंतर नोकरी राहते की जाते? उत्तरे तोंडी नकोत, कागदावर हवीत. आणि तो कागद एखाद्या वकिलास दाखवावा, मास्तरास नव्हे.

टेड लिंडसे २०१९ साली वारला. खेळाडूंनीच मते देऊन ज्या सर्वोत्तम खेळाडूस निवडावयाचे, त्याच्या पारितोषिकास २०१० पासून त्याचे नाव दिलेले आहे.